स्टेअरिंग घुमतंय? आधी पंपाला पोटभर तेल मिळतंय का ते बघा

गाडीतून नवा आवाज यायला लागला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "चालतेय ना? मग चालू दे." दुसरा म्हणतो, "आता ही काढून टाकूया." आवाज नेमका कुठून येतोय आणि का येतोय हे शोधण्याची जी मधली पायरी आहे, तिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. ते काम आपलं नाही, गॅरेजवाल्याचं, असं आपण धरून चालतो. पण पॉवर स्टेअरिंगच्या बाबतीत ही पायरी घरच्या घरी, फारसा खर्च न करता, बऱ्यापैकी चढता येते. आमच्या घरी ती कशी चढली ते सांगते.

आमची गाडी चौदा वर्षांची, डिझेलवर चालणारी. बेळगावात रोजच्या कामाला आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून म्हापशाला, आत्याकडे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचं स्टेअरिंग घुमायला लागलं. सकाळी गाडी सुरू केली की "घूंऽऽ" असा आवाज यायचा, एक्सलरेटर दाबला की तो चढायचा आणि पार्किंग करताना चाक पूर्ण वळवलं की गल्लीतली माणसं वळून बघायची. एका गॅरेजात दाखवल्यावर पंप आणि रॅक दोन्ही बदलायला सांगितलं. अंदाज 34 हजारांचा. ज्या गाडीचे आज दीड लाख येतील की नाही याची शंका, तिच्यावर 34 हजार घालायला बाबांचं मन होईना. घाटात स्टेअरिंगने दगा दिला तर काय, ही आईची धास्ती वेगळीच. गाडी विकायचं जवळजवळ ठरलं होतं.

माझे मामा उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांच्या टेस्टिंगवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेत. आपल्या बेळगावात फाउंड्र्या आहेत तसेच हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखानेही आहेत, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घरच्या माणसांच्या नोकऱ्यांमुळे माहीत असेल. मामांनी आवाज ऐकला आणि बाबांना म्हणाले, "दाजी, विकायची घाई करू नका. हा पंप आजारी असेलच असं नाही, उपाशी असेल. दोन दिवस द्या."

आत असतं तरी काय?

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आमच्या गाडीचं स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे. इंजिनच्या पुलीवरचा बेल्ट एक छोटा पंप फिरवतो. त्या पंपाच्या डोक्याशी किंवा जवळपास तेलाची प्लॅस्टिकची टाकी असते. टाकीतलं तेल जाड रबरी पाइपातून पंपात येतं, हा ओढणारा पाइप. पंप ते तेल दाबाने दुसऱ्या मजबूत पाइपातून रॅककडे ढकलतो, हा दाबाचा पाइप. आपण स्टेअरिंग फिरवलं की एक व्हॉल्व्ह उघडतो, तेलाचा जोर रॅकच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला लागतो आणि चाकं वळायला मदत होते. काम झालेलं तेल परतीच्या पाइपातून पुन्हा टाकीत येतं.

गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो. चाकं पूर्ण वळवून धरली तर स्टेअरिंगच्या दाबाच्या पाइपात तोच आकडा सत्तर-ऐंशीच्या पुढे जातो. पण ओढणाऱ्या पाइपात दाब जवळपास नसतोच, उलट तिथे ओढ असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आमच्या गाडीचं सगळं कोडं तिथेच होतं.

ही मदत आज आपण गृहीत धरतो. 1951 साली क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीतून ती पहिल्यांदा बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीत आली. तिच्यामागे फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने 1920च्या दशकापासून केलेलं काम होतं. मूळ कल्पना तीच राहिली: पंप, तेल, व्हॉल्व्ह.

आवाजाची भाषा

मामांनी बोनेट उघडायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले. आवाज गाडी उभी असतानाही येतो का? इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की गाडीच्या? वळवताना येतो की खड्ड्यात? या तीन उत्तरांत अर्धं निदान होतं. त्यांनी सांगितलेलं इथे सोपं करून मांडते.

गाडी उभी असताना येणारी, इंजिन रेस केलं की चढणारी आणि स्टेअरिंग वळवलं की वाढणारी घुमघुम पंपाकडे बोट दाखवते. त्यात तेल कमी असणं किंवा तेलात हवा शिरणं ही सगळ्यात सामान्य कारणं.

सकाळी गाडी सुरू करताच किंवा चाक पूर्ण वळवताच "कुंईऽऽ" अशी किंचाळी आली तर बेल्ट घसरत असण्याची शक्यता जास्त. बेल्ट ढिला, चकचकीत गुळगुळीत झालेला किंवा तडकलेला असतो.

चाक पूर्ण एका टोकाला नेल्यावर येणारी हलकी "सूंऽऽ" सुसकारी बहुतेक वेळा रोग नसतो. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून पंपातला सुरक्षा व्हॉल्व्ह तेलाला वाट करून देतो, त्याचा तो आवाज.

खड्ड्यातून जाताना "टक टक" होत असेल तर तेलाशी त्याचा संबंध नसतो. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, रॅकचा बुश किंवा सस्पेन्शनचा माउंट तपासावा लागतो. आणि वळण घेत गाडी पुढे नेताना "कट कट कट" आला तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा जॉइंट झिजलेला असू शकतो.

आमची उत्तरं स्पष्ट होती: उभ्या गाडीत येतो, इंजिनबरोबर चढतो, वळवताना वाढतो, खड्ड्याशी संबंध नाही. म्हणजे रॅककडे जाण्याआधी पंप आणि त्याचं तेल बघायचं.

तपासणी, एकेक पायरी

पहिली पायरी बेल्ट. इंजिन बंद असताना टॉर्च मारून बघितला. तडे नव्हते, ताण ठीक होता. मग इंजिन चालू करून मामांनी लांबूनच बाटलीतून बेल्टवर पाण्याचे चार थेंब उडवले. बेल्ट घसरत असेल तर पाण्याने आवाज लगेच बदलतो. आमच्याकडे काही फरक पडला नाही. बेल्ट सुटला.

दुसरी पायरी आवाजाचं ठिकाण. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं आणि मुठीला कान लावायचा. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच. आधी अल्टरनेटरला लावून ऐकलं, तिथे एकसारखी गुणगुण. पंपाला लावल्यावर मात्र आत कुणी वाळू भरडत असल्यासारखं ऐकू आलं. ही तपासणी करताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस, हातातली साखळी काहीही लोंबता कामा नये. बेल्ट आणि पंखा माफ करत नाहीत. जवळ कुणी जाणतं नसेल तर ही पायरी सोडून द्या, पुढच्या पायरीवर जास्त काही कळतं.

तिसरी पायरी तेल. टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात, काही गाड्यांत गार आणि गरम तेलासाठी वेगळ्या. आमची पातळी बरोबर दोन खुणांच्या मध्ये होती आणि खाली फरशीवर एक थेंबही नव्हता. गळती नाही, तेल कमी नाही, म्हणजे पंपच गेला, असा निष्कर्ष इथे काढला जातो.

मामांनी मात्र झाकण काढून मला सांगितलं, "अगं, इंजिन चालू ठेव आणि तेलाकडे बघ की. किती आहे ते नको, कसं आहे ते बघ." तेल मूळचं लालसर. आमचं तपकिरी झालं होतं आणि वर ताकावर येतो तसा फेस होता. मग इंजिन बंद करायला लावलं. बंद करताच टाकीतली पातळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी वर सरकली.

हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. तेल दाबलं तरी आकसत नाही म्हणायला हरकत नाही, पण हवा आकसते. इंजिन चालू असताना दाबाखाली आत अडकलेली हवा लहान होऊन बसते, इंजिन बंद झालं की ती फुगते आणि तेलाला वर ढकलते. पातळी वर येते याचा अर्थ यंत्रणेत हवा आहे. पंपाच्या पात्यांमध्ये तेलाबरोबर बुडबुडे गेले की ते दाबाच्या बाजूला चिरडून फुटतात, आणि ती हजारो बारीक फुटणी मिळून आपल्याला घुमघुम ऐकू येते. असंच चालू राहिलं तर पुढे पात्यांवर आणि आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात. म्हणजे आज उपाशी असलेला पंप उद्या खरंच आजारी पडतो.

हवा येते कुठून?

गळती नसताना हवा आत कशी येते? इथे ओढणाऱ्या पाइपाची ती गोष्ट आठवा. दाबाच्या पाइपाला भोक पडलं तर तेल बाहेर उडतं आणि लगेच दिसतं. ओढणाऱ्या पाइपाचा जोड किंचित सैल झाला तर तेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. सरबताच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला बारीक चीर असली की सरबत कमी आणि हवा जास्त येते, पण स्ट्रॉमधून खाली काही गळत नाही. तसंच.

हे शोधायची मामांची पद्धत उद्यमबागेतली. इंजिन चालू असताना त्यांनी बारीक ब्रशने तेच स्टेअरिंगचं तेल ओढणाऱ्या पाइपाच्या एकेका जोडावर लावलं. टाकीकडच्या जोडावर लावलं, आवाज तसाच. पंपाकडच्या जोडावर लावताच आवाज चार-पाच सेकंद खाली आला आणि पुन्हा चढला. तेवढा वेळ फटीतून हवेऐवजी तेल ओढलं गेलं होतं. मामा म्हणाले, "सापडला चोर." बाबांनी खात्रीसाठी पुन्हा करायला लावलं. तीन वेळा तेच झालं.

इंजिन गार झाल्यावर पाइप काढला. मूळचा स्प्रिंगचा क्लॅम्प इतक्या वर्षांत ढिला पडला होता आणि पाइपाचं टोक लाकडासारखं कडक होऊन आतून तडकलं होतं. टाकीच्या तळाशी असलेल्या जाळीवरही काळा गाळ बसला होता. म्हणजे उपासमार दोन्हीकडून: जाळीतून तेल जेमतेम येत होतं आणि जोडातून हवा शिरत होती.

दुरुस्ती

स्पेअर पार्टच्या दुकानातून तेलाला टिकणारा, त्याच आतल्या मापाचा पाइप आणला. घरातला पाण्याचा किंवा कूलंटचा पाइप इथे चालत नाही, तेलाने तो फुगतो. स्क्रूने आवळायचे दोन नवे क्लॅम्प घेतले. टाकी काढून त्याच जातीच्या नव्या तेलाने दोन-तीनदा खळबळून जाळी मोकळी केली. काही गाड्यांत जाळी निघत नाही आणि साफही होत नाही, तिथे टाकीच बदलावी लागते.

तेल कोणतं, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल चालतं. काही गाड्यांना वेगळं हिरवं सिंथेटिक तेल लागतं, काही कंपन्या स्वतःचंच तेल सांगतात. एकमेकांत मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्याची जातच वेगळी, ते स्टेअरिंगची रबरी सील खराब करतं.

मग जुनं तेल बाहेर काढायचं. सपाट जागेवर हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढची बाजू जॅकने उचलून दोन्हीकडे स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. परतीचा पाइप टाकीपासून सोडवून रिकाम्या बाटलीत घातला आणि टाकीच्या त्या तोंडाला बूच मारलं. इंजिन बंदच. मी स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहिले, मामा टाकीत नवं तेल ओतत राहिले. आधी काळपट, मग तपकिरी, शेवटी स्वच्छ लाल तेल बाटलीत यायला लागलं. साधारण दीड लिटर गेलं. जुनं तेल गटारात ओतलं नाही, कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात दिलं.

पाइप जोडून शेवटचं काम, हवा काढणं. इथे बहुतेक जण घाई करतात. इंजिन बंद ठेवूनच पंधरा-वीस वेळा स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. पातळी खाली जाते, तेल घालायचं. बुडबुडे यायचे थांबले की मगच इंजिन सुरू करायचं आणि तेच पुन्हा, पण टोकाला गेल्यावर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर थांबायचं. आम्ही रात्रभर गाडी तशीच ठेवली आणि सकाळी पुन्हा केलं.

पहिल्या दिवशी आवाज निम्म्याने उतरला. दुसऱ्या दिवशी शहरात दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर गेला. पूर्ण टोकाला गेल्यावरची हलकी सुसकारी तेवढी राहिली, ती राहायचीच. इंजिन बंद केल्यावर पातळी आता हलत नाही.

हिशोब असा: पाइप 350 रुपये, क्लॅम्प 60, दोन लिटर तेल 900. एकूण 1,310 रुपये. रॅक आणि पंप दोन्ही जुनेच आहेत. हवा खात इतके दिवस चाललेल्या पंपाचं आयुष्य थोडं कमी झालं असणार, हे मामांनी बाबांना स्पष्ट सांगितलं. म्हणून आता महिन्यातून एकदा, घाटाच्या आदल्या दिवशी, टाकीचं झाकण उघडून पातळी आणि रंग बघायचं काम माझ्याकडे आहे.

कुठे थांबायचं

प्रत्येक काम घरी करायचं नसतं. दाबाच्या पाइपातून तेल गळत असेल तर तिथे साधा पाइप आणि क्लॅम्प लावण्याचा विचारही करू नका. ते तेल गरम सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं. रॅकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी बुटांत तेल साचलं असेल तर आतली सील गेलेली आहेत, तिथे रॅकचं काम लागतंच. स्टेअरिंगमध्ये मोकळेपणा जाणवत असेल, टाय रॉड हलत असेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत न्यायचीही जोखीम घेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आणि चालता चालता स्टेअरिंग एकदम जड झालं तर? घाबरून सोडू नका. मदत गेली तरी चाकांशी असलेला जोड कायम असतो, गाडी वळते, फक्त जोर बराच जास्त लागतो. वेग कमी करून कडेला घ्या. बऱ्याच गाड्यांत एकच बेल्ट पंप, अल्टरनेटर आणि कधी पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर बॅटरीचा दिवा लागेल आणि इंजिन तापू शकेल. तशा वेळी "घाट उतरून बघू" असं म्हणायचं नाही.

तुमच्या गाडीत टाकीच नसेल तर?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला मदत करणारी विजेची मोटर असते, तेल नसतंच. बोनेट उघडून स्टेअरिंगचं चित्र असलेलं झाकण कुठेच सापडलं नाही तर तुमची गाडी बहुधा त्यातली. तिथे आवाज आला तर तो मोटर, तिचे गिअर किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचे जॉइंट यांतून येतो. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो, आणि ते काम गॅरेजचंच. पण तीन प्रश्न तिथेही तेच: उभ्या गाडीत येतो का, कशाबरोबर बदलतो, वळणात येतो की खड्ड्यात. ही उत्तरं कागदावर लिहून गॅरेजात गेलात तर मेकॅनिकचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

सवयी मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारख्याच लागू. उभ्या गाडीत चाकं जागच्या जागी घासत वळवू नका, गाडी किंचित सरकू द्या. चाक टोकाला नेऊन धरून ठेवू नका. टायरमध्ये हवा कमी असेल तर स्टेअरिंगवर विनाकारण ताण येतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी दाब तपासा.

घरातली गाडी सहसा बाबांची असते, आणि आपण फक्त चावी मागतो. पुढच्या वेळी चावी घेतलीत की आधी बोनेट उघडा आणि त्या छोट्या टाकीतलं तेल कोणत्या रंगाचं आहे ते बघून या. पाच मिनिटांचं काम आहे.